सहा पायांचा विंचू

आमच्या घरचा विंचू सहा पायांचा होता. तो पिठाचा असे, तुपात तळलेला असे, आणि वर्षातून एकदा, महालक्ष्म्या बसल्या की त्यांच्या डोक्यावरच्या फुलोऱ्यात लटकत असे. महालक्ष्म्या म्हणजे इतरांच्या गौरी. आमच्या वऱ्हाडात त्यांना हे भारदस्त नाव आहे आणि त्यांचा थाटही नावाला शोभेलसाच असतो. त्यांच्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला दोऱ्यांनी करंज्या, साटोऱ्या, पापड्या, पिठाची वेणी, पिठाची फणी बांधायची, हा आमचा फुलोरा. देवीला वेणीफणी लागते हे समजण्यासारखं आहे. तिला विंचू कशाला लागतो हे मात्र आमच्या घरात कुणी कुणाला विचारलं नव्हतं. सासूने केला म्हणून सून करत आली, इतकाच त्याचा इतिहास. दोन नांग्या, प्रत्येक बाजूला तीन पाय, वर वळलेली शेपटी आणि शेपटीच्या टोकाला डंख म्हणून खोचलेली एक लवंग. लहानपणी आम्हा पोरांची भांडणं करंजीवरून होत नसत, त्या लवंगेवरून होत, कारण ज्याला विंचू मिळाला त्याला वर्षभर घरात थोडा भाव असे.

घर नेरजवळच्या एका गावात, आणि त्यात दोन भाऊ एकत्र. थोरले माझे मोठेबाबा, धाकटे माझे बाबा. मोठेबाबा बोलायचे आणि बाबा ऐकायचे, अशी कामाची वाटणी होती. मोठेबाबांचा आवाज असा की ते ओसरीवर बसून बोलले तरी विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांना आमच्या घरातले सगळे बेत कळत. लहानपणी ते शिकायला मामाच्या गावी होते, सातवी होऊन परत आले, आणि त्या सातवीचा दरारा त्यांनी आयुष्यभर पुरवून वापरला. बाबा तिसरीतच पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, रानात गेले. ते जेवताना बोलत नसत, पऱ्हाटीत बोलत नसत, आणि नेरच्या बाजारात कापूस विकतानाही व्यापारीच बोलून बोलून दमे. "तुझा बाप मुका नाई, पन त्याले बोलाचा कंटाळा हाये," असं माझी आई म्हणे. ती स्वतः दोघांपुरतं बोलत असल्यामुळे त्यांचा संसार अगदी बरा चालला होता.

मी तेव्हा यवतमाळच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय प्राणिशास्त्र. गावातली सायन्स शिकणारी पहिली मुलगी म्हणून माझा मान होता, आणि त्या मानापोटी ज्याची म्हैस आटली तो मला येऊन विचारत असे. म्हशीचं मला काहीही कळत नव्हतं. मला कळत होतं बेडकाचं काळीज, गांडुळाचं पोट आणि झुरळाचे दात, आणि याच्यासाठी बापाने पैसे घातले हे ऐकून लोक बाबांकडे कीव करून पाहत. मला मात्र याच्याही पुढे जायचं होतं. अमरावतीला जाऊन एम.एस्सी. करायचं होतं. मी हे घरात बोलले तेव्हा मोठेबाबा हसले, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी घाटंजीकडचं एक स्थळ काढलं. मुलगा शाळामास्तर, घरी शेती, माणसं साधी. दिवाळी झाली की बार उडवायचा असं त्यांनी ठरवूनच टाकलं. परीक्षेचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "परीक्षा काय, लग्न झाल्यावरही देता येते. लग्न काही परीक्षा झाल्यावर येत नाई." मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. मी इतकी चिडले की त्या दिवशी ताटावरून उठून गेले, आणि माझी भाकरी कुत्र्याला गेली.

त्याच वर्षी आमच्या कॉलेजात इंगोले मॅडम आल्या. नवीन, बारीक, आणि पुस्तक मिटून शिकवणाऱ्या. पुस्तकात प्राण्यांची वर्गवारी जुन्या पद्धतीने होती, म्हणजे दिसण्यावरून टोपल्या केलेल्या. खवले आणि सरपटणं असलेले एका टोपलीत, पिसं आणि पंख असलेले दुसऱ्या टोपलीत. मॅडमनी फळ्यावर झाड काढलं. खोड म्हणजे पूर्वज, फांद्या म्हणजे त्यातून फुटलेले वंश, आणि शेंड्यांवर आज जिवंत असलेले प्राणी. मग त्यांनी विचारलं, मगर कोणाच्या जवळची, पालीच्या की कोंबडीच्या? आम्ही सगळ्यांनी एका सुरात पाल म्हटलं. मॅडमनी कोंबडी आणि मगर एका फांदीवर ठेवली आणि पाल बाजूच्या फांदीवर नेऊन बसवली. मगरीची आणि कोंबडीची फांदी एकमेकींपासून फुटली ती नंतर, पालीची फांदी त्याच्या कितीतरी आधी वेगळी झाली. म्हणून दिसायला कुणी कसंही असो, नातं हे सामायिक पूर्वज किती अलीकडचा यावरून ठरतं. तुमचा चुलतभाऊ तुमच्यासारखा दिसत नसेल आणि शेजारचा पोरगा हुबेहूब दिसत असेल, म्हणून काही शेजारी भाऊबंद होत नाही, असं त्या म्हणाल्या.

पूर्वज तर मरून गेलेले, मग हे कळायचं कसं? तेही त्यांनी सांगितलं, आणि ते माझ्या डोक्यात असं बसलं की आजही निघत नाही. पाठीचा कणा मगरीला आहे, पालीला आहे, आपल्यालाही आहे. म्हणजे तो फार जुना, सगळ्यांना वारशाने आलेला. त्यावरून कोण कोणाच्या जवळचं ते कळत नाही. उपयोगी पडते ती मधेच कुठेतरी नव्याने आलेली, मोजक्याच जणांत सापडणारी खूण. मॅडम म्हणाल्या, "परीक्षेत दोन मुलांची बरोबर उत्तरं सारखी आली तर मी काही म्हणत नाही. पण दोघांच्या चुका सारख्या आल्या, तर मला कळतं कोण कोणाच्या मागे बसलं होतं." वर्गातली निम्मी पोरं खाली बघायला लागली. पुढे मी स्वतः तीस-एक वर्षं कॉलेजात हेच शिकवलं, आणि ही उपमा मॅडमना न विचारता उचलली. आता तर पेशीतला डीएनए वाचून हाच खेळ खेळतात आणि संगणक क्षणात झाड काढून देतो. पण त्याच्याही पोटात मूळ विचार तोच आहे, सारख्या चुका शोधायचा.

सुटीत घरी आल्यावर मी हे ज्ञान उधळलं. ओसरीवर खडूने झाड काढलं, कोंबडी आणि मगर शेजारी बसवल्या. मोठेबाबांनी चष्मा लावून ते नीट पाहिलं. "म्हंजे रविवारी आपन जे खाल्लं ते मगरीच्या भाऊकीतलं होतं?" असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. त्यांनी आत आवाज दिला, "ऐकलं काय व? पुढच्या रविवारी रस्सा जरा जास्त ठेवजा, मगरीकडचे पाहुने येऊन राह्यले!" त्यानंतर कितीतरी दिवस घरात कोंबडी दिसली की कुणीतरी हात जोडून मगरीची खुशाली विचारायचं. गावभर झालं. मला राग यायचा आणि हसूही यायचं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग यायचा.

मग महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे तीन दिवस आधीपासून तळण सुरू व्हायचं. चुलीवर कढई, कढईत तूप, आणि त्या तुपाच्या वासाने आख्खं घर जड होऊन जायचं. मोठ्याई, म्हणजे मोठेबाबांची बायको, तळायला, आई लाटायला, मी मुरड घालायला. फुलोऱ्याचं पीठ माझ्या हातात आलं आणि विंचू माझ्यावर सोपवला गेला. मी तो शास्त्राप्रमाणे केला. विंचवाला पाय आठ असतात. किड्यांना सहा, कोळ्यांना आठ, आणि विंचू कोळ्यांच्या नात्यातला. मी चार इकडे, चार तिकडे असे सुबक पाय वळून ताटात ठेवला. मोठ्याईने कढईतून मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "हे काय केलं व?" मी म्हटलं, विंचू. ती म्हणाली, "हा आपला नोय." आणि तिने तिथल्या तिथे दोन्ही बाजूंचा एकेक पाय चिमटीने तोडला, पिठाच्या गोळ्यात परत मिसळला आणि विंचू कढईत सोडला. मी म्हटलं, मोठ्याई, खऱ्या विंचवाला आठच पाय असतात. "असतीन. त्यो खरा विंचू त्याच्या घरी. माह्या सासूनं सहा शिकवले, सहाच राह्यतीन." मी आईकडे दाद मागितली. आईने लवंग पुढे केली आणि म्हणाली, "डंख खोच, अन् गप बस."

दुसऱ्या दिवशी जेवायला घाटंजीकडचे पाहुणे येणार होते. मुलगी बघायला असं कुणी म्हणत नव्हतं. देवीच्या प्रसादाला असं म्हणत होते. आले ते मुलगा, मुलाची आई आणि मुलाचे वडील. मुलाचं नाव सुधाकर. दिसायला बरा होता, हे मी आता या वयात मान्य करायला हरकत नाही. तेव्हा मात्र मी त्याच्याकडे मुद्दाम पाहिलं नाही, आणि पाहिलं नाही हे त्याला दिसेल अशी उभी राहिले. आरती सुरू झाली. घंटा, टाळ, मोठेबाबांचा सगळ्यांच्या वर निघणारा सूर, आणि धुपाने भरून गेलेली खोली. सुधाकरची आई हात जोडून उभी होती. तिने डोळे उघडले, फुलोऱ्याकडे पाहिलं, आणि आरती नीट संपायच्या आत बोलली, "अव बाई! तुमच्या इथंही विंचू?"

सगळे वर पाहायला लागले. मोठ्याई खूश झाली. "तुमच्याकडेही राह्यते काय?" "राह्यते म्हंजे? त्याच्याबिगर आमच्याकडे फुलोरा चढतच नाई. अन् डंखाले लवंगच. पायही असेच," तिने बोटाने हवेत मोजले, "तीन अन् तीन." मोठ्याईने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मोठेबाबा तर उसळलेच. "देवीनंच जोडलं म्हना! कुळाचारही सारका निंगाला!" ताटं वाढली गेली. पुरणपोळी, कढी, ज्वारीची आंबील, वडे, भाज्यांची रांग. पुरुष बसले, आणि मी पोळ्यांची परात घेऊन दारात उभी राहिले. माझ्या डोक्यात मॅडमचा फळा उभा होता. विंचू कुणीही करील. पण सहा पायांचा? एकच चूक दोन घरांत?

मी बोलले. माझा आवाज माझा मलाच परका वाटला. म्हटलं, मोठेबाबा, यातून सोयरीक होत नाही, मोडते. चांगला कुळाचार सारखा असेल तर काही नाही, माहूरची देवी आख्ख्या मुलखाची आहे. देवकही दोन्हीकडे पाच पानांचं, ते निम्म्या जिल्ह्याचं असतं. पण विंचवाला आठ पाय असताना दोन घरांत पिढ्यान्‌पिढ्या सहाच करतात, तर ही चूक एकाच ठिकाणी झालेली असणार आणि तिथून दोन्हीकडे आलेली असणार. म्हणजे आपला मूळपुरुष एक. आडनावं नंतर बदलली असतील. मग हे आपले भाऊबंद झाले. हे माझे भाऊ झाले. शेवटचं वाक्य सुधाकरकडे हात करून म्हटलं. त्याने तोंडातला वडा चावायचा थांबवला.

आमच्याकडे एका कुळात लग्न म्हणजे भावा-बहिणीचं लग्न. तसा संशय नुसता तोंडातून निघाला तरी माणसं ताटावरून उठतात. मोठेबाबांनी आधी हसून नेण्याचा प्रयत्न केला. "पाव्हने, हिचं मनावर घेऊ नका. हिच्या हिशेबानं कोंबडी मगरीची बहीन हाये." पण सुधाकरचे वडील हसले नाहीत. हळूच म्हणाले, "नाई, पोरगी बोलून राह्यली त्याच्यात इचार हाये. आमचे लोक मुळात इकडूनच तिकडे गेलते असं आमचा आजा सांगे." झालं. मोठेबाबांचा चेहरा उतरला. तिथेच, आंबील निवत असताना, दोन्हीकडच्या वंशावळ्या सुरू झाल्या. मोठेबाबांनी आमच्या सात पिढ्या धडाधड म्हणून दाखवल्या, अमक्याचा तमका, तमक्याचा अमका. पाहुण्यांनी त्यांच्या पाच म्हटल्या. नावं कुठे जुळत नव्हती. पण जुळत नाहीत म्हणून वेगळीच आहेत असंही छातीवर हात ठेवून कुणी म्हणेना, कारण सातव्याच्या मागे काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सुधाकर मधेच म्हणाला, "हा विंचू बायका करतात. वंशावळीत तर सगळे बाप्येच दिसून राह्यले." त्याच्या वडिलांनी त्याला जेवायला सांगितलं. मला तेव्हा वाटलं, काय हा निरर्थक मुद्दा. बाबा एका कडेला बसले होते. मोठेबाबांनी त्यांना विचारलं, "तुले काही माहीत हाये काय गा?" बाबांनी नाही अशी मान हलवली आणि माझ्याकडे पाहून कढी मागितली.

खात्री होईपर्यंत थांबू, असं ठरलं. खात्री कशी होणार हे कुणी ठरवलं नाही. पाहुणे शिधा घेऊन गेले, दिवाळी आली आणि गेली. मोठेबाबांनी दोन-चार म्हाताऱ्यांना विचारलं, प्रत्येकाने वेगळं सांगितलं. फाल्गुनात सुधाकरचं लग्न दारव्ह्याच्या मुलीशी झालं, आणि आम्हाला पत्रिका आली, वर "आमचे भाऊबंद" असं काही नव्हतं, तरी मोठेबाबांनी आहेर भाऊबंदाला करतात तसा भरघोस केला. उगाच जोखीम नको म्हणून. मलाही दुसरी स्थळं आली नाहीत. ही पोरगी पंगतीत बसलेल्या पाहुण्याचं कूळ काढते, असं तालुकाभर झालं होतं. मी परीक्षा दिली, पास झाले, अमरावतीला नंबर लागला. मोठेबाबा म्हणाले, "जाऊ द्या बाप्पा तिले. इथं राह्यली त माहंच कूळ काढीन." त्यांचा आवाज कोरडा होता, पण जायच्या सकाळी खर्चाला म्हणून माझ्या मुठीत काहीतरी कोंबून ते बघता बघता गोठ्याकडे निघून गेले. मला वाटत होतं मी विज्ञानाच्या जोरावर जिंकले. मी फार फुशारून गेले होते, आणि त्या फुशारकीत मला खूप सुखही होतं.

बाबा मला नेरच्या स्टँडवर सोडायला आले. ट्रंक, वळकटी आणि आईने दिलेला चिवड्याचा डबा. गाडीला वेळ होता. बाबांनी चहा सांगितला, दोघांसाठी, आणि मला बशीत ओतून दिला, जसा लहानपणी देत. मी उत्साहात पुन्हा माझा सिद्धान्त सांगत होते, मॅडम किती खूश झाल्या वगैरे. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "विंचू माह्या आजीनं आनला."

मला कळेना. ते म्हणाले, "माही आजी. तुही पंजी. ती घाटंजीकडची, त्याच घरची लेक. तिच्या माहेरी पावसायात घरात लय विंचू निंगे. म्हनून देवीले त्यायचा फुलोरा. ती इथं सून होऊन आली अन् विंचू आनला. मी लहान होतो त तिच्या मांडीशी बसून डंख खोचे. तुहे मोठेबाबा तवा मामाकडे. तेयले काय माहीत."

मी बशी खाली ठेवली. म्हणजे कूळ एक नव्हतंच. आमच्या घरात त्यांची लेक आली होती, इतकंच. सोयरीक खुशाल झाली असती. सारखी चूक वंशातून आली नव्हती, एका नव्या सुनेच्या हाताने आडवी आली होती, आणि मोठेबाबांच्या सात पिढ्यांत त्या सुनेचं नावच नव्हतं. पुढे माझ्या विषयातही हेच निघालं. जीवाणू एकमेकांना आपले गुण असे आडवे देऊन टाकतात की सरळ वाढलेलं झाड गुंतून जातं, आणि तो धडा आला की वर्गात मी खडू हातात घेऊन उगाच क्षणभर थांबत असे. पण त्या सकाळी मला जीवाणू आठवले नाहीत. मला राग आला आणि लाज वाटली.

"मंग त्या दिवशी काहून नाई बोलले?" मी विचारलं. "मोठेबाबांनी तुमाले सरळ इचारलं होतं."

"भावाच्या तोंडावर नाई म्हनता येत नव्हतं मले," बाबा म्हणाले. "तुले शिकाचं होतं हे दिसत होतं. तू बोलली, त मी म्हटलं आपन आडवं येऊ नाई. मी बोललो असतो त आज तू घाटंजीच्या गाडीत असती."

अमरावतीची गाडी लागली. बाबांनी ट्रंक वर टपावर चढवली, दोरी ओढून पाहिली, खाली उतरले आणि खिडकीशी येऊन उभे राहिले. मी रडत होते आणि बाबा ते आपल्याला दिसलंच नाही अशा बेताने दुसरीकडे पाहत होते. इतकं एका दमात बोललेले बाबा मी आयुष्यात पुन्हा पाहिले नाहीत. कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली तसे ते चार पावलं सोबत चालले आणि हसून म्हणाले, "चुकीचं सांगून अमरावतीपर्यंत चालली तू. बरोबर सांगाले लागशीन त कुठपर्यंत जाशीन, बाई!"